चारचा भोंगा आणि अडीच वाजलेला संगणक

पोलीस ठाण्यातला संगणक फार रेंगाळतो म्हणून एका रविवारी दुपारी मी त्याच्या पोटात गुपचूप चालणारी कामं बंद करून टाकली. कोणतं काम कशासाठी चालतं हे मला माहीत नव्हतं. त्यापायी एक निरपराध माणूस माझ्या कोठडीत बसला.

गेल्या आठवड्यात आमच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने विचारलं, "कॉम्प्युटर स्लो झालाय. मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस आणि ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारी कामं बंद करावीत का?" लगेच अंगठे उमटले, व्हिडिओ आले, 'बिनधास्त करा' असे सल्ले आले. मी काही लिहिलं नाही. नगरला एकटाच राहतो, लिहायला वेळ पुष्कळ असतो. पण माझं उत्तर एका अंगठ्यात मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितो. नाव कोणाचंच देत नाही. माझं तर मुळीच नाही.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, साखर कारखान्याच्या एका गावी मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. नोकरीची शेवटची वर्षं. बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं, मुलगी सासरी. क्वार्टरमध्ये गेलं की फ्रिजचा आवाज तेवढा सोबतीला. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही मी ठाण्यातच बसून राहायचो. हाताखालच्या लोकांना वाटायचं, साहेब कामसू आहेत. साहेबांना घरी जायचं नव्हतं, इतकंच.

तर तो रविवार. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बाजारचौकात कॅमेरे बसवले होते आणि त्यांचं चित्र माझ्या खोलीतल्या संगणकात साठायचं. तोच संगणक रेंगाळायचा. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यातल्यासारखी यादी उघडली. इंग्रजी नावांची ही लांबलचक रांग. ठाण्याच्या आवारात विनाकारण रेंगाळणाऱ्याला आपण विचारतो, "काय काम आहे? नाही ना, मग चला बाहेर." मी संगणकाला तोच न्याय लावला. फरक एवढाच, की माणसाला निदान काम काय ते विचारतो. यादीत एक नाव वेळेशी संबंधित होतं. म्हटलं, घड्याळ भिंतीवर आहे, ह्याची काय गरज? तेही बंद.

संगणक खरोखर पळू लागला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या हवालदारांना बोलावून दाखवलं. हवालदार माझ्याच वयाचे, तोंडाने तिखट. म्हणाले, "साहेब, आता रिटायर झाल्यावर दुकान टाका." मी ते कौतुक समजलो.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी बाजारामागच्या गल्लीत जबरी चोरी झाली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या घरात शिरून कोणीतरी मागून तिच्या डोक्यावर चादर टाकली, गळ्यातली बोरमाळ ओढली आणि तिला ढकलून दिलं. कमरेचं हाड मोडलं, शुद्ध हरपली. संध्याकाळी शेजारणीला कण्हणं ऐकू आलं तेव्हा कळलं. ग्रामीण रुग्णालयात मी स्वतः जबाब घ्यायला गेलो.

"किती वाजता झालं, आजी?"

"चारचा भोंगा झाला. चहा ठेवावा म्हनून उठले, तवाच."

कारखान्याचा भोंगा म्हणजे त्या गावचं घड्याळ. सकाळची पाळी चारला सुटते, भोंगा होतो आणि डबे लटकवलेल्या सायकली-मोटरसायकलींचा लोंढा बाजारचौकातून घरी जातो. वेळ पक्की झाली. चेहरा मात्र आजींनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खबर आली, तीही घरातूनच. आजींचा पुतण्या शेजारच्या तालुक्यात राहायचा. तो मोटरसायकलवरून धावत आला, डोळे पुसले आणि म्हणाला, "साहेब, मी काल घरीच होतो, नाहीतर... एक पाथर्डीचा जीपवाला चुलतीकडं रोज पाणी प्यायच्या निमित्तानं जातो. त्याच्याकडं बघा."

हा जीपवाला ऊसतोड टोळीच्या मुकादमाकडे चालक होता. तिशीतला, सडपातळ. टोळी फडात, हा जीपमध्ये झोपायचा. त्याला ताब्यात घेतलं. तो म्हणाला, "भोंगा झाला तवा मी चौकात चहाच्या गाड्यावर हुतो, सायेब. पाळी सुटल्याली मानसं म्होरून गेली. मंग आजीकडं पानी प्यायला गेल्तो. दार लोटल्यालं हुतं, कडी वाजवली, कुनी बोललं न्हाई. झोपली आसंल म्हनून माघारी आलो."

मी संगणकासमोर बसलो आणि त्या दिवशीचं चित्र काढलं. चार वाजता चौक रिकामा. सव्वाचारलाही हा पठ्ठ्या कुठे दिसेना. मागे नेत नेत गेलो तर अडीचच्या सुमाराला सापडला. गाड्याजवळच्या दगडावर बसून चहा पितोय, मग उठून सरळ त्या गल्लीत शिरतोय. मला आणखी काय हवं होतं? भोंग्याच्या वेळी चौकात होतो म्हणतो आणि चित्र सांगतं, दीड तास आधीच गल्लीत घुसला, दबा धरून बसला. अटक केली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

रुग्णालयात जाऊन आजींना सांगितलं, आरोपी सापडला. कोण ते ऐकल्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"त्यो न्हाई."

"आजी, तुम्ही तोंड पाहिलं नाही ना?"

"पायाचा आवाज ऐकला की. त्यो दारात आला की आधी चपला झाडतो. रोज येतो त्यो. ज्यानं चादर टाकली त्यो चपला घालूनच आत आला. माझ्या घरात कुठं काय हाय ते ठाऊक आसल्यावानी आला."

मी 'बरं बरं' म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना आपण म्हणतो तसं. कॅमेऱ्यापुढे चपलांचा आवाज काय टिकणार? जबाबात ते वाक्य लिहूनसुद्धा घेतलं नाही.

कोठडीतल्या माणसाला तीन दिवस मी तेच तेच विचारत होतो आणि तो तेच तेच सांगत होता. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी गोष्ट सुधारून आणतो. ह्याची गोष्ट जशीच्या तशी होती. हे निरीक्षण मी नव्या पोरांना नेहमी शिकवायचो. स्वतः वापरलं नाही.

त्याचा मोबाईल माझ्या टेबलाच्या खणात होता. दिवसातून कितीदा तरी वाजायचा. पडद्यावर 'आई' एवढंच. गावाकडे ती एकटी असते, असं त्याने सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही, उचलला. पलीकडून थेट आवाज आला, "जेवलास का रं?" बायको गेल्यापासून हा प्रश्न माझ्या कानावर आला नव्हता, आणि आला तो दुसऱ्याच्या फोनवर. मी फोन ठेवून दिला. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

त्याच दुपारी त्याने एक नवी गोष्ट सांगितली. नवी म्हणजे त्याच्या लेखी क्षुल्लक. "पाळी सुटली तवा गर्दीत एकाची सायकल माझ्या पायावरून गेली, सायेब. त्यो थांबला, डब्यातली चटनी सांडली व्हती माझ्या पँटीवर, पुसून गेला. त्याला इचारा."

मला वाटलं, आता हा खोटं बोलताना सापडणार. परत चित्र लावलं आणि पाहिलं तर खरंच सायकल त्याच्या पायावरून जाते, डबा उलटतो, सायकलवाला खाली वाकून पुसतो. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ अडीचची. मी हवालदारांना विजयी मुद्रेने म्हटलं, "बघा, अडीचला झालेलं चारला झालं सांगतोय. लिहा."

हवालदार लिहायला बसले आणि बाहेर भोंगा झाला. चारचा. मी सवयीने वेळ बघायला मान वर केली, ती भिंतीकडे न जाता समोरच्या संगणकाकडे गेली. त्यात अडीच वाजायला आले होते.

खिडकीबाहेर सायकली निघाल्या होत्या. पडद्यावर थांबवलेल्या चित्रातही त्याच सायकली, तेच डबे. इतके दिवस मी त्या गर्दीत फक्त एक माणूस शोधत होतो, गर्दी कसली आहे हे पाहिलंच नव्हतं.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, भोंगा लवकर झाला का तुमचा संगणक झोपला?"

नगरहून संगणक दुरुस्त करणारी एक बाई बोलावली. तिने पाठीमागचं झाकण काढलं, यादी उघडली आणि एकेक ओळ वाचत खाली गेली.

"सर, आतली छोटी बॅटरी मेल्यात जमा आहे. वीज गेली की ह्याचं घड्याळ थांबतं. मागे एक सर्व्हिस चालू असते, ती इंटरनेटवरून वेळ आणून ते पुन्हा जागेवर आणते. ती कोणी बंद केली?"

हवालदार छताकडे बघू लागले.

"मीच," मी म्हटलं.

"आणि रात्री चित्रांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर जायची, तीही बंद आहे. अजून थोडे दिवस गेले असते तर हे चित्रही पुसलं गेलं असतं. का केलंत?"

"हळू चालत होता."

"मग विचारायचं ना. बंद करण्यासारखं असतं त्यात. प्रिंटरवाल्यांचं, गेमवाल्यांचं काहीबाही आपोआप सुरू होतं, ते खुशाल बंद करा. पण एकेक करून, आधी कसं होतं ते लिहून, आणि ते काय करतं हे वाचून. कळत नाही म्हणून बंद, असं कोण करतं?"

आमच्या भागात तेव्हा रोज वीज जायची. दर वेळी घड्याळ थोडं मागे पडायचं आणि ते काम मुकाट्याने दुरुस्त करायचं. त्याचं अस्तित्व मला कधी जाणवलं नव्हतं, कारण ते नेमाने होत होतं. बायको गेल्यावर घरात असंच बरंच काही थांबलं होतं. तेव्हाही मला आधी फक्त एवढंच वाटलं होतं, की घर शांत झालंय.

बाईने वेळेतला फरक लिहून दिला, आम्ही पंचांसमोर तो मोजून पंचनामा केला. मग चित्र नव्या हिशोबाने पाहिलं. भोंग्याच्या थोडं आधी एक मोटरसायकल गल्लीत वळते. हेल्मेट घातलेला माणूस, पण गाडी ओळखीची. त्या दिवशी 'घरीच होतो' म्हणणारा पुतण्या. त्याला बोलावून चित्र दाखवलं. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि फार काही विचारावं लागलं नाही. बोरमाळ हेल्मेटच्या अस्तरात सापडली.

उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांसमोर उभं राहून मी सगळं सांगितलं. ते जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण न्याय्य होतं. जीपवाल्याविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल न्यायालयात गेला आणि तो सुटला. मोबाईल हातात देताना मी माफी मागितली. मला नीट मागताही आली नाही. ठाण्यात त्याची सवय नसते. त्याने मान हलवली आणि तिथेच आईला फोन लावला. "आगं, मोबाईल बिघडला हुता. जेवलो. व्हय, जेवलो." मुकादमाने जीपवर दुसरा चालक ठेवला होता. मी एसटी स्टँडपर्यंत सोडतो म्हटलं. "नको सायेब, तुमच्या गाडीत नको," म्हणाला आणि चालत गेला. तो पुन्हा त्या गावी आला नाही.

ग्रुपवर विचारणाऱ्या मित्राला माझं उत्तर हे, की बंद करायला हरकत नाही. पण जे बंद करतोस त्याच्यावर कोण विसंबून आहे हे आधी शोध. ते कळत नसेल तर संगणक हळू चालू दे. आपल्याला तरी कुठे जायची घाई आहे?

तपासात मी हेच चुकलो होतो असं मला बरेच दिवस वाटायचं. घड्याळ चुकलं, म्हणून मी चुकलो. तसं मी आजींनाही समजावून सांगितलं. त्या रुग्णालयात पडून होत्या, पुतण्या कोठडीत, जीपवाला गेलेला. भेटायला येणारं कोणी उरलं नव्हतं. मी रोज संध्याकाळी थर्मासमधून चहा घेऊन जायचो. कर्तव्य म्हणून, असं हवालदारांना सांगायचो. त्या दिवशी मी खाटेजवळ स्टूल ओढून सगळं सविस्तर सांगितलं: व्हिडिओ, यादी, बॅटरी, वीज, भोंगा, साहेबांची बोलणी, माझी झोप कशी उडाली तेसुद्धा. आजी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बघत होत्या.

"त्यो जीपवाला परत येईल का रं?"

"सांगता येत नाही, आजी. पण मी येत जाईन ना."

त्यांनी कप रिकामा करून माझ्या हातात दिला.

"तू ये. पर त्यो आला की माझं ऐकत बसायचा. तू, फौजदार, आल्यापासनं तुझंच सांगतोयस."