मेंढीच्या जागी बसलेला दादा

मागच्या रविवारी इथे सांगलीत नातीनं माझ्या हातात एक कादंबरी ठेवली. एक स्वमग्न मुलगा, त्याचं वयात येणं... दोन दिवसांत वाचून काढली.

चांगली आहे. पण खरं सांगू? वाचताना मला त्या मुलाच्या बहिणीचा हेवाच वाटत राहिला. तिच्याकडे भावासाठी एक शब्द होता, ऑटिझम. सत्तरच्या दशकात आमच्या गावाकडे फक्त 'येडं' होतं.

गाव वडूजजवळ. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी मेंढरं. वडील फौजेत. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा... बोलायचा नाही, कुणी हात लावला की किंचाळायचा. भाकरीला कालवण लागलं तरी ताट ढकलून द्यायचा.

आई रानात, म्हणून वडूजची शाळा सांभाळून त्याचं सगळं मी करायचे. त्याला दगड मारणाऱ्या पोरांशी मारामाऱ्यासुद्धा केल्या. तरी त्यानं कधी माझ्याकडे सरळ पाहिलं नाही, की हाक मारली नाही. पण तो कुणालाच हाक मारायचा नाही, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

दादाला सोळावं लागलं आणि दाढी फुटली. केस मानेवर आलेले. वडील रजेवर आले होते... रोज सकाळी आरसा टांगून गुळगुळीत दाढी करणारा माणूस. त्यांनी दोघांना दादाला धरायला लावलं आणि वस्तरा लावला. दादाची हनुवटी कापली आणि तो वडिलांच्या हाताला कडकडून चावला.

त्या संध्याकाळी चुलते म्हणाले, "ह्यो आता बाप्या झाला. उद्या कुणाला काय केलं तर? रजा हाय तवर पुण्याच्या येड्यांच्या इस्पितळात ठिवून या."

वडील चावलेल्या हाताला फडकं गुंडाळत राहिले. आईनं चूल पेटवली नाही...

या चुलत्यांच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं. वैनी जतकडची. मेंढरं कातरणं आमच्यात पुरुषांचं काम, पण तिला भाऊ नव्हता. बापाच्या हाताखाली शिकलेली. दोन दिवसांनी ती बाभळीखाली बसून कातरत होती. दादा जवळच लोकरीत बोटं घालून बसलेला. मी दारात तांदूळ निवडत होते.

एक मेंढी कातरून झाली. वैनीनं तिला सोडलं... आणि दादा उठून त्या मेंढीच्या जागी जाऊन बसला. वैनीकडे पाठ करून, मान वर करून.

वैनीनं पदरानं कातर पुसली आणि त्याचे केस कापायला लागली. मग दाढी. दादा डोळे मिटून बसलेला. वडील बाहेर आले, बघत उभे राहिले, आणि तसेच आत गेले. पुण्याचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

दादा घरी राहणार, याचा मला आनंद झालाच. पण त्याहून जास्त जळफळाट झाला. इतकी वर्षं मी केलं आणि मान दिली ती कालच्या पोरीच्या हातात? त्या दिवशी मी जेवले नाही. पुढे कितीतरी दिवस वैनीशी बोलले नाही. दादा तिच्यामागे शेळीच्या करडासारखा फिरायचा आणि मी तोंड फिरवून घ्यायचे.

एकदा येरळा नदीवर आम्ही दोघी लोकर धूत होतो. वैनीच बोलली.

"वन्सं, तुमी माज्याशी का बोलत न्हाई ते मला ठावं हाय. पर मलाबी तुमचा लय राग येतो."

मी चमकून बघितलं. माझा राग कशाला?

"दिसभर भावजी माज्यापाशी बसत्यात. तुमची शाळा सुटायची येळ झाली की उठून वडूजच्या वाटंला लागत्यात. मी किती हाका मारल्या तरी थांबत न्हाईत. तुमी लांबनं दिसला की माघारी फिरत्यात."

मी लोकर हातात धरून तशीच बसले. रोज शाळेतून येताना मला पुढे वाटेवर दादाची पाठ दिसायची... मला वाटायचं, असाच कुठेतरी भटकून येतोय.

"माज्यासाठी कवा असं उठलं न्हाईत ते," वैनी खाली बघत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मग माझेही...

दादा जन्मभर गावातच राहिला. त्याचे केस शेवटपर्यंत वैनीनंच कापले. तो मला कधी हाक न मारताच गेला, आणि वैनीलाही.

हेव्यात माणूस बहुतेक एकटंच जळतं. मला मात्र त्यात सोबत मिळाली. वैनी आता थकली आहे, ऐकूही कमी येतं... पण आज संध्याकाळी तिला फोन लावणार आहे. मोठ्यानं बोलीन.