शाकव्रतातलं मयाळूचं सार

बंगळुरूला, बनशंकरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर सत्यवतीअक्का एकट्या राहतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, आणि सोवळं अजून कडक. मी वासंती, पुण्याहून आलेली. आमचं रोज वाजतं आणि रोज एकमेकींशिवाय करमत नाही.

अक्कांच्या गॅलरीत मयाळूचा वेल आहे. त्याची पानं मुगाच्या पातळ वरणात शिजवायची, मिरी-जिरं घालायचं, वरून तुपाची फोडणी. पोटाला हलकं, अंगाला ताकद. त्यांचा मुलगा शार्दूल ह्याच सारावर वाढला. आता तो बेळ्ळंदूरला एका कंपनीत आहे. एकाच गावात असून आईला तोंड दाखवायला सवड नाही मेल्याला! सदा आपलं, "पुढच्या रविवारी."

आषाढी एकादशीच्या आधीच्या रविवारी नक्की येतो म्हणाला. एकादशी झाली की अक्कांचं शाकव्रत सुरू. मग महिनाभर त्यांच्या घरात पालाभाजी शिजत नाही. म्हणून त्या दिवशी त्यांनी पातेलंभर सार केलं. दुपार टळली तेव्हा फोन आला. ट्रॅफिक, म्हणे; आज जमत नाही.

"सरी, ठीक आहे, सावकाश ये बाळा," अक्का म्हणाल्या आणि पातेलं माझ्यापुढे सरकवलं. मी प्यायले. अक्का भिंतीकडे बघत बसल्या होत्या. असा संताप आला मला त्या पोराचा!

आणि व्रत निम्मं झालं असताना एका सकाळी मी अक्कांकडे बसले होते, तर हा दारात उभा. तापातून उठलेला, गालफडं बसलेली.

"आई, तुझं मयाळूचं सार दे ना."

"अरे, शाकव्रत..." मी तोंड उघडलं, तर अक्कांनी डोळे वटारले. नवऱ्याच्या आजारपणातही ह्या बाईनं हे व्रत मोडलं नव्हतं. उठल्या, पानं खुडली, सार केलं.

शार्दूलनं दोन वाट्या ओरपल्या, ताणून झोपला. संध्याकाळी कॅब आली, गेला. तू कशी आहेस, एवढंसुद्धा विचारलं नाही.

मी वर गेले तेव्हा अक्का देवापुढे दिवा लावत होत्या. माझ्या जिभेला कुठलं हाड! म्हटलं, "अक्का, व्रत मोडलंत. देव रागावला म्हणजे?"

"रागावू दे गं," त्या म्हणाल्या. "त्याची समजूत काढीन सावकाश. तो काय, रोज घरातच असतो."