न तोललेला गूळ

पुंजाजीमामा दुसरबीडच्या शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळेचे शिपाई होते. साधं मीठ द्यायचं तरी तराजूवर तोलून द्यायचे. मामी म्हणायची, "ह्या मानसानं घरी कधी चहा ठेवला नाही, अन् शाळेत रोज अ‍ॅसिड तापवते."

मामीला, म्हणजे सिंधूताईला, कॅन्सर झाला. शुगर आधीपासूनच होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मामांनी मलाच विचारलं. मी शहाणपणा पाजळला. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटून ती खराब करते. हळदीतले, आवळ्यातले काही घटक हे चिकटणं कमी करतील का, यावर अभ्यास चाललाय, असं सांगितलं. अजून नक्की काही नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, हेही सांगितलं. पण माणूस हवं तेवढंच ऐकतो.

मामांनी हळद आणि आवळ्याची पूड ग्रॅमवर तोलली. गोळी वळेना, तेव्हा घरोघरी चूर्णात घालतात तसा गूळ घातला. गूळ काही औषध नव्हे, म्हणून तो तोलला नाही. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, चांगल्या बोराएवढ्या गोळ्या.

चौथ्या केमोआधी शुगर साडेचारशे निघाली. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. घरी येऊन मी गोळ्यांचा डबा उघडला, एक गोळी चाखली आणि माझं डोकंच फिरलं.

"मामी, तुले गूळ समजला नाही? काऊन खाल्ल्या?"

"समजत होता वं," मामी म्हणाली. "चाळीस वर्षांत पह्यल्यांदा त्यायनं मायासाठी हातानं काही केलं. नाही कसं म्हनू? अन् त्यायले सांगू नोको."

डॉक्टरांनी मनाई केलीय, असं मामांना सांगून मी गोळ्या बंद करायला लावल्या. खरं कारण सांगितलं नाही. चौथी केमो झालीच नाही. त्याआधीच मामी गेली. आजारच फार पुढे गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. मला रडू आलं नाही. अजून येत नाही, नुसतं बधिर वाटतं.

मामीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना, जेवणं आटोपून पाहुणे गेल्यावर मामांनी तोच डबा माझ्यापुढे ठेवला.

"मंजुश्री, सुरुवातीपासून देल्या असत्या तं वाचली असती. तुयीबी शुगर काठावर हाये म्हनते ना? घे."

मी एक तोंडात टाकली.

"कडू तं नाही ना लागत? तिले कडू चालत नव्हतं."

"नाही मामा," मी म्हटलं.