आठची गोळी

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या बायकोला गल्लीतले लोक घड्याळबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण तिला त्यात कौतुकच वाटे. एकोणीस वर्षं रोज सकाळी आठच्या ठोक्याला ती एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन नवऱ्यासमोर उभी राहत आली होती. मास्तरांना एचआयव्ही होता. तो कसा आला यावरून पहिल्याच वर्षी कडाक्याचं भांडण झालं, तीन दिवस अबोला झाला आणि तो विषय तिथेच मिटला. मास्तर दाढी करत असोत, गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेत असोत की रुसून बसलेले असोत, आठ वाजले की त्यांनी आ करायचा. विषाणू इतकी वर्षं दबून राहिला त्याचं अर्धं श्रेय घड्याळबाई गोळीला देई. उरलेलं अर्धं कुणाचं, ते ती विनयाने सांगत नसे.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नवीनच खूळ काढलं. मास्तरांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात नेमकी काटछाट करायची आणि त्या परत अंगात सोडायच्या. विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो, ते दारच त्या पेशींना उरणार नाही.

"उपाय सापडलाय असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "सापडतोय का, ते बघतोय."

मास्तर हरखून गेले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, हे आपलं अल्टरेशनच! बटण काजात अडकतं ना? काजच शिवून टाकलं तर बटण लागणार कुठे?"

दुकानातलं काज-बटणाचं काम घड्याळबाईच करी. "शिवलेलं उसवतं," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

पण मास्तर ऐकतात थोडेच! पेशी काढल्या गेल्या, काही आठवड्यांनी परत अंगात आल्या. दोन दिवस ताप आला तो सोडला तर मास्तरांना काही झालं नाही. खरी कसोटी त्यानंतर होती. गोळी बंद ठेवायची, दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि विषाणू डोकं वर काढतो का ते बघायचं. काढलंच तर गोळी लगेच सुरू. उरलेल्या गोळ्या परत करायला सांगितलं, तेव्हा घड्याळबाईने एक डबी परत केली. दुसरी घरातल्या बटणांच्या डब्यात गेली.

आणि जन्मभर चहा पिणाऱ्या त्या घरात एकाएकी कॉफी सुरू झाली. "ताकद येते," घड्याळबाईने जाहीर केलं. चमच्याच्या पाठीने गोळी बारीक करून ती रोज कॉफीत ढवळी. कडूत कडू, कळणार कुणाला? मास्तर पीत, तोंड वाकडं करत आणि गप्प बसत. बायकोच्या हातच्या पदार्थाला नाव ठेवण्याची त्यांची छाती नव्हती.

आठ आठवडे विषाणूचा पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मास्तरांकडे चक्क कोट शिवायला टाकला. त्यांचा तो उजळलेला चेहरा बघून घड्याळबाईला पहिल्यांदाच कसंतरी झालं. तरी दुसऱ्या दिवशी तिने कॉफी केलीच.

नवव्या आठवड्यात बाईंनी दोघांना समोर बसवलं. आता चेहरा उजळलेला नव्हता.

"मास्तर, या वेळी रक्तात औषध आहे का तेही तपासलं, आणि ते सापडलंय. गोळी घेताय का?"

"हो," मास्तर म्हणाले. "मीच घेत होतो."

घड्याळबाई उडालीच. "खोटं बोलतायत ते! मी देत होते, कॉफीतून. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नाही."

मास्तर गळ्यातली टेप बोटाला गुंडाळू लागले. घाईत ती दुकानात काढून ठेवायची राहून गेली होती. "तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "कपाच्या तळाला चुरा राहायचा."

"मग पीत का होतात हो?" घड्याळबाईने विचारलं.

"भीती वाटत होती. आणि तुझ्यासमोर एवढी फुशारकी मारून झाली होती."

बाई चिडल्या, आणि चिडायलाच हव्या होत्या. पेशींनी काही काम केलं की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून करू देतात का, ते प्रयोगावर देखरेख करणाऱ्या समितीला विचारून बघते, एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी घड्याळबाईने बटणांचा डबा तसाच्या तसा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. गोळ्यांची डबी काढून घेताना बाईंना आपल्या कोटाची चार बटणंही सापडली.

समितीने दोन पत्रं पाठवून कानउघाडणी केली आणि मग होकार दिला. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

त्या सकाळी घरात चहा झाला. आठचा ठोका पडला तशी घड्याळबाई पाण्याचा पेला घेऊन समोर येऊन उभी राहिली. दुसऱ्या हातात काही नव्हतं. मास्तर दाढी करत होते. त्यांनी सवयीने आ केला.

 तिने तो रिकामा हात साबण लागलेल्या त्यांच्या गालावर ठेवला.

"मिटा तोंड," ती म्हणाली. "मलाही भीती वाटते."