जिथे श्वासच नव्हता

श्यामला आगाशे यांनी काही वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि मग कर्वे रस्त्याजवळच्या गल्लीत समुपदेशनासाठी एक खोली घेतली. शहरात आयटी कंपन्या आल्या, तशी त्यांच्याकडे येणारी माणसंही बदलली. झोप उडालेली, ऐन पंचविशीत छाती धडधडणारी मुलं येऊ लागली. श्यामलाताई स्वतः विपश्यना करत. या मुलांना त्या डोळे मिटून श्वासाकडे बघायला शिकवत. मुलांना गुण येई. पुढे एका मोठ्या आयटी पार्कातल्या कंपनीनं त्यांना आठवड्यातून दोनदा तिथेच बोलावून घ्यायला सुरुवात केली.

त्याच पार्कात २००६च्या उन्हाळ्यात दशरथ नावाचा कामगार सांडपाण्याच्या टाकीत गुदमरून मेला. त्याची बायको मालनबाई तिथेच झाडलोट करायची. कामगार संघटनेचे वकील सलिल भागवत तिला श्यामलाताईंकडे घेऊन आले.

"हिची बोटं उघडत नाहीत," सलिल म्हणाले. "ससूनमध्ये दाखवलं. हाताला काही झालेलं नाही म्हणतात."

मालनबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. श्यामलाताईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच बघा."

क्षणभर काही झालं नाही. मग मालनबाई खुर्चीवरून घसरून फरशीवर पडली. तोंड उघडं, अंग घामानं भिजलेलं. "आत वारंच न्हाई, बाई! आत वारंच न्हाई!"

तिला पाणी पाजून रिक्षात बसवल्यावर सलिल परत वर आले. "तुमचा श्वास इंजिनिअरांना ठीक आहे, ताई. हिचा नवरा तो न मिळाल्यानंच गेलाय."

"पार्कात एवढी माणसं. टाकीत त्यालाच का उतरवलं?" श्यामलाताईंनी विचारलं.

"माळी होते, वायरमन होते. मुकादमानं बरोबर मातंग वस्तीतल्या माणसाला हाक मारली. आणि त्यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही."

दशरथ गेला त्या दिवशी श्यामलाताई त्याच पार्कात तिसऱ्या मजल्यावर एसी लावलेल्या खोलीत मुलांना शांत बसवत होत्या. खाली आरडाओरडा झाला तेव्हा कोणीतरी उठून खिडकी लावून घेतली होती.

त्यानंतर त्या स्वतः विश्रांतवाडीच्या वस्तीत जाऊ लागल्या. मालनबाईच्या खोलीत दार उघडं ठेवून दोघी उभ्याच राहत. श्वासाचं नाव नाही, डोळे मिटणं नाही. पाय जमिनीवर दाबायचे, पाठ भिंतीला टेकवायची, भिंत थंड आहे की गरम ते सांगायचं. शरीरातून काम करण्याची ही पद्धत त्या पुस्तकं वाचून, बंगलोरला जाऊन शिकत होत्या आणि चुकतही होत्या. कधी मालनबाई मध्येच म्हणायची, "आज नगं," आणि चहा ठेवायची.

पावसाळा संपता संपता एकदा श्यामलाताईंनी टॉवेलचं एक टोक तिच्या मुठीत दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. "ओढावंसं वाटलं तर ओढा."

मालनबाईनं आधी हलकेच ओढलं. मग सगळ्या अंगाचा जोर लावला. श्यामलाताई पुढे खेचल्या गेल्या, पण त्यांनी टोक सोडलं नाही. मालनबाई ओरडायला लागली, "दोर वढला म्या! मोकळाच आला वर!" बराच वेळ ती रडत राहिली. त्या रडण्यात ती प्रथमच बोलली, की दशरथनं मास्क मागितल्यावर मुकादम म्हणाला होता, "पाच मिनिटांचं काम हाय, नखरे नको. उतर." हळूहळू तिची बोटं सुटली.

टाकीच्या तोंडाशी दशरथचा दोर धरून उभी असलेली, मुकादमाचा हुकूम ऐकणारी ती एकटीच होती. ठेकेदाराचं म्हणणं असं, की दशरथ दारू पिऊन आपणहून उतरला. सलिलनी पोलिसांना तिचा नवा जबाब नोंदवून घ्यायला लावला. श्यामलाताईंनी तिला कोर्टात उभं राहण्यासाठी तयार केलं. पाय कुठे ठेवायचे, हात कठड्यावर कसे दाबायचे, सगळं दोघींनी करून पाहिलं.

तीन वर्षांनी शिवाजीनगरच्या कोर्टात मालनबाई न अडखळता बोलली. मग ठेकेदाराचा वकील उठला.

"पोलिसांना पहिल्या जबाबात हे का सांगितलं नाहीत?"

"तवा तोंडच उघडत नव्हतं, साहेब."

"मग कधी उघडलं?"

"बाईंनी हात बरं केलं, तवा."

"म्हणजे मानसोपचार चालू असताना आठवलं." वकील न्यायाधीशांकडे वळला. "आठवलं की आठवायला लावलं, हाच प्रश्न आहे."

पुढच्या तारखेला श्यामलाताईंनी साक्ष दिली. शरीर धक्का कसा धरून ठेवतं, ते समजावून सांगितलं. निकालपत्रात त्याबद्दल एक ओळ आली: अशा उपचारांतून पुढे आलेली आठवण विसंबण्याजोगी नाही. ठेकेदार आणि मुकादम सुटले. महिनाभरात कंपनीनंही श्यामलाताईंचं काम बंद केलं. एचआरच्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "मॅम, वी आर मूव्हिंग टू अ‍ॅन ऑनलाइन सोल्यूशन."

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मालनबाईनं त्यांना विचारलं, "बाई, मी तशाच मिटल्या मुठीनं हितं हुबी ऱ्हायले आस्ते तर त्यांनी खरं मानलं आसतं का?"

"नाही," श्यामलाताई म्हणाल्या. "तेव्हा तर तुम्हाला कोणी विचारलंच नसतं."

मालनबाईनं मान हलवली. तिचं समाधान झालं नव्हतं. लवकरच ती खोली सोडून लोणी काळभोरला मुलीकडे राहायला गेली. तिथे ती कांदे निवडायला जाते. अपील करायला तिनं सलिलना नकार दिला.

श्यामलाताई अजून दर गुरुवारी वस्तीत जातात. समाजमंदिरात चार-पाच बायका येतात, कधी एकही येत नाही. गेल्या महिन्यात धायरीकडच्या एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत दोघं गुदमरून मेले. त्यातल्या एकाची बायको लगेचच्या गुरुवारी आली. सुरुवात करण्याआधी श्यामलाताईंनी तिला सरळ सांगितलं, की इथे जे बोलाल त्याचा कोर्टात तुमच्याविरुद्ध वापर होऊ शकतो, तेव्हा आधी वकिलांना घेऊन पोलिसांत जबाब देऊन या.

ती बाई उठून गेली. अजून परत आलेली नाही.