गाऱ्हाण्यात पंतप्रधान

आमचे बाबा आणि शेजारचे काका यांचं भांडण झालं ते पंतप्रधानांवरून. दोघांनीही पंतप्रधानांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही आणि पंतप्रधानांना हे दोघे ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरी त्यांच्यापायी जन्माचा दोस्ताना मोडायची पाळी आली. मला रागही आला आणि वाईटही वाटलं.

झालं असं, की काजूचा हंगाम सुरू झाला तशी दोघांनी नेहमीसारखी बी काकांच्या टेम्पोत भरून बांद्याच्या बाजारात नेली. दर पार कोसळलेला. बाहेरच्या देशांतून स्वस्त बी येते, आम्ही तरी काय करणार, म्हणून व्यापारी मोकळा झाला. परत येताना बाबा म्हणाले, "ह्या सगळ्याक दिल्लीत बसलेलो जबाबदार."

काका म्हणाले, "एकटो मनीस काय काय करतलो? गोव्यात गेलंव तर पेट्रोल स्वस्त, हय म्हाग. पंतप्रधान दोनीकडे एकच मा?"

शब्दाने शब्द वाढला. बाबांनी टेम्पो थांबवायला लावला आणि ते उतरून एसटीने घरी आले. दोन घरांच्या मधे कमरेएवढा दगडी गडगा आहे. त्यावरून रोज इकडून तिकडे जाणारी आमटीची वाटी त्या दिवसापासून बंद झाली.

मी मालवणला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. शिमग्याला गावी गेले, तर पाय धुवायच्या आतच मला न्यायनिवाड्याला बसवलं.

"सांग गो तुझ्या काकाक, देशाची तिजोरी कोणाच्या हातात आसता ती," बाबा गडग्याकडे तोंड करून म्हणाले.

"सांग गो तुझ्या बापाशीक, जगाचो बाजार कोणाच्याच हातात नसता," पलीकडून काका.

मी वर्गात सांगते तेच सांगितलं. बाहेरून येणाऱ्या मालावर कर किती लावायचा हे केंद्र सरकार ठरवतं, पेट्रोलवर राज्याचाही कर असतो, जगातल्या भावावर कुणाचा ताबा नसतो, आणि आज घेतलेल्या निर्णयाची फळं कधी कधी पुढच्याच्या पदरात पडतात. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हेच्यासाठी पगार गावता तुका?" बाबांनी विचारलं. गडग्यापलीकडे काका खो खो हसले. त्या अख्ख्या महिन्यात दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

मला खरी धास्ती होती ती गाऱ्हाण्याची. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. सगळ्या गावाच्या वतीने ते देवाला साकडं घालतात आणि त्यांच्या प्रत्येक मागणीला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. पहिला आवाज काकांचा. त्यांचा खणखणीत होकार उठला, की त्यामागून बाकीचे. बाबा गाऱ्हाण्यात पंतप्रधानांना आणल्याशिवाय राहायचे नाहीत आणि काका काही त्याला होकार द्यायचे नाहीत, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आई भाकऱ्या थापताना सारखी म्हणत होती, "देवासमोर तुटला काय मगे ता जुळणा नाय."

मी शाळेत होते तेव्हा एके वर्षी ऐन मोहरात ढग भरून आले, पाऊस पडला आणि काजूचा मोहर करपून काळा झाला. गावात कुजबुज सुरू झाली, की बाबांचं गाऱ्हाणंच चुकलं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण बाबा दिसले की माणसं वाट बदलत. तेव्हा काकांनी भर देवळात विचारलं होतं, "ढग काय हेच्या गोठ्यात बांधलेले आसत?"

मग ते बाबांच्या सोबतीने घरापर्यंत चालत आले, आणि वाटेत बाबा म्हणाले होते, "बोलांदेत. चांगला पिकला तेवा पयलो नारळ माकाच दिल्यानी मा? मान घेतलो तर बोलय घेवक व्हयो."

इतक्या वर्षांनी दोघे तेच तर बोलत होते. बदलला होता तो फक्त बोल घेणारा माणूस.

शिमग्याच्या दिवशी देवळासमोर गाव जमला. बाबांनी हातात नारळ घेतला. "बा देवा म्हाराजा, एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर."

"व्हय म्हाराजा." पहिला आवाज काकांचाच. मला जरा हायसं वाटलं.

पोराबाळांचं झालं, गुरांचं झालं, मुंबईला असलेल्यांचं झालं. मग बाबांचा आवाज चढला. "आणि म्हाराजा, ह्या वर्साक काजूचो दर पडलो. तो ज्येच्यामुळे पडलो, त्येका त्येचा फळ दी."

काका खांबाला टेकून उभे होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले. ते गप्प, म्हणून सगळा गाव गप्प.

बाबा नारळाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली, पण काकांकडे पाहिलं नाही. आवाज अगदी खाली आला होता.

"म्हाराजा, ता ऱ्हवांदे. एका वर्साक मोहर जळलो, तेवा गावान माका बोल लावल्यान. मी तो घेतलंय. पण घराक जाताना एक मनीस माझ्या वांगडा चललो, म्हणान मी जगलंय. दिल्लीत जो बसलोसा, त्येका बोल घेवची ताकद दी. आणि असो एक मनीस त्येच्याय वांगडा चलांदे."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. ते खांबापासून सरळ झाले.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, फाटला होता. मागून गाव बोलला. बायकांच्या घोळक्यात मी उभी होते, मीही म्हटलं, आणि डोळे पुसले.

पुढच्या बाजाराला मीही टेम्पोत होते. दर होता तिथेच होता. परतीच्या वाटेवर पुन्हा पंतप्रधान निघाले, पुन्हा शब्दाने शब्द वाढला आणि बाबा लालबुंद होऊन म्हणाले, "थांबव गाडी."

काकांनी गाडी थांबवली नाही.