कुलरमधले मासे

पेपर हातात आला की मी आधी चौकटीतल्या बातम्या वाचते. राजकारण, कापसाचे भाव, कुणाच्या सभेला किती गर्दी झाली, हे सगळं नंतर. खरी मजा चौकटीत असते. दर्यापूरकडे कुणाच्या मळ्यात माणसाच्या तोंडवळ्याचं वांगं निघालेलं असतं, नांदगाव खंडेश्वरकडे माकडानं ऐन वरातीतून नवरदेवाचा फेटा पळवलेला असतो. माझा नवरा म्हणतो, ही वाचनाची आवड नाही, टवाळीची आहे. मी वाद घालत नाही. फेट्याची बातमी मी त्याला दोनदा वाचून दाखवली होती आणि दोन्ही वेळा तो हसला होता.

यंदा मे महिन्यात अमरावतीला एका सकाळी ओट्याशी उभ्यानं चहा घेताना अशीच एक चौकट दिसली. 'कुलरमध्ये मत्स्यपालन! अकोल्यातील ज्येष्ठाचा अभिनव प्रयोग.' सवयीनं हसू आलं. मग फोटो पाहिला. कुलरच्या बाजूला हात मागे बांधून उभे असलेले, लग्नकार्यातला पांढरा शर्ट घातलेले ते ज्येष्ठ म्हणजे माझे बाबा होते.

कुलरात मासे आहेत हे मला माहीत होतं. खरं तर ती कल्पना माझीच, तीही रागाच्या भरात तोंडातून निघालेली. पण ते पेपरात येईल असं वाटलं नव्हतं. आणि आलं ते असं.

बाबा अकोल्याला जुन्या शहरात एकटे राहतात. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मोटार वाइंडिंगचं लहानसं दुकान आहे. अकोल्यात मोटार वाइंडिंग करणारा माणूस म्हणजे उन्हाळ्यात कुलरवाला. होळी झाली की गच्च्यांवरचे कुलर खाली उतरायचे आणि आमच्या दारात ओळीनं उभे राहायचे. कुणाचं गवत बदलायचं, कुणाचा पंप बसलेला, कुणाची मोटार नुसतीच घूं करणारी. लहानपणी जाळीत नवं गवत भरायचं काम माझ्याकडे असे आणि पुढे आठवडाभर हात खाजत. सगळ्या गल्लीचे कुलर गार हवा फेकायला लागले की शेवटी आमचा नंबर. आई दरवर्षी दारात उभी राहून म्हणायची, "लोकाइचे कुलर सुरू झाले, अन् आमी घरात शिजून राहिलो." बाबा मान वर न करता म्हणायचे, "होते, होते."

आई मागच्या वर्षी दसऱ्यानंतर डेंग्यूनं गेली. आधी साधा ताप वाटला, मग पेशी कमी झाल्या, मग दवाखाना, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

ती दवाखान्यात असतानाच घरी आरोग्य खात्याच्या एक ताई आल्या होत्या, पाण्याची भांडी तपासायला. आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो तेव्हा टाकं, ड्रम, पितळी गुंड, बादल्या, असेल ते सगळं भरून ठेवायचं आणि भरलेलं पाणी कधी फेकायचं नाही, ही घराघरातली शिस्त. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं पाणी मोरी धुवायला. पावसाळा लागला की कुलर बंद होतो, पण टबात उरलेलं पाणी कुणी ओतून देत नाही. सडा टाकायला होतं, सायकल धुवायला होतं. वरून पावसाचं पडत राहतं, त्यामुळे ते संपतही नाही. ताईंनी खिडकीबाहेरच्या आमच्या कुलरात टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "काका, हे पाहा, याच्यात हायत अळ्या." बोलण्यात काही ठपका नव्हता. दिवसभरात कितीतरी घरी त्यांना तेच सांगावं लागत असेल. मी आईचे कपडे न्यायला आले होते. बाबा टबात वाकून बघत राहिले. मला घाई होती, म्हणून मी त्यांना डब्याची पिशवी घ्यायला सांगितलं आणि आम्ही निघालो.

आईचं सगळं आटोपल्यावर बाबांनी कुलर गच्चीवर नेऊन पालथा घातला. मग त्या ताईंकडून गप्पी मासे आणले. हे करंगळीच्या पेराएवढे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य खातं ते फुकट देतं. बाबांनी ते टाक्यात सोडले, ड्रममध्ये सोडले. ज्या माणसानं आईच्या मांजरीला आयुष्यभर नुसतं हुडूत हुडूत केलं, तो आता संध्याकाळी टाक्याच्या काठावर बसून कुठली मासोळी पिलं देणार आहे ते सांगायला लागला. ताईंनी बजावलं होतं की यांना खायला घालू नका, उपाशी असले तरच अळ्या खातील. बाबांनी त्यावर आपला तोडगा काढला. ते गाळणी घेऊन गल्लीभर फिरायचे, कुणाच्या फुटक्या कुंडीत, कुणाच्या जुन्या टायरात अळ्या सापडतात ते बघायचे आणि त्या आणून माशांना घालायचे. लोक सुरुवातीला हसले. मग त्यांनाच हाका मारायला लागले, "काका, आमच्याकडंही पाहा बरं."

इथवर मला बरंच वाटत होतं. एकट्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा. पण होळी झाली, गल्लीतले कुलर उतरले आणि बाबांनी दुकान उघडलं नाही. "तब्येत बरी नाई," म्हणून एकेकाला परत पाठवलं. स्वतःचा कुलर गच्चीवर पालथाच.

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. दुपारी नळाच्या पितळी तोटीला हात लावता येत नाही. पंखा गरम हवाच फिरवत राहतो. मी रोज फोन करायची आणि बाबा रोज सांगायचे, "मस्त हाय मी." एप्रिलच्या शेवटी शेजारच्या काकूंचा फोन आला. "बाई, तू एकडाव येऊन जाय. तुहे बाबा दुपारभर ओला दुपट्टा घेऊन फरशीवर पडून रायतात. परवा दारात चक्कर आली त्याइले. मी नसती तर डोकं फुटलं असतं."

मला धडकी भरली. आई गेल्याला वर्षही झालं नव्हतं. रविवारी पहिली बस पकडून मी अकोल्याला गेले. रस्ताभर, मूर्तिजापूरच्या स्टँडवरसुद्धा, मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

पोचल्यावर तोंडानं भांडले. अमरावतीला चला म्हटलं, तर, "नळाच्या दिवशी इथं कोन रायते? मासे कोन पायते?" जावयानं एसी घेऊन द्यायची तयारी दाखवली होती, तर, "बंद खोलीत मले गुदमरते." मग कुलर लावा ना, म्हटलं. "कुलर नाई लावत."

"काहून नाई लावत?"

"पानी साचते त्याच्यात."

मी कॉलेजात शिकवते. तेच तेच उत्तर देणाऱ्यांवर ओरडायची मला सवय झाली आहे. मी ओरडले, "मंग त्या कुलरातबी टाका तुमचे मासे!"

बाबा टाक्याकडे बघायला लागले. मला वाटलं, दुखावले. आता माफी कशी मागावी या विचारात असताना ते म्हणाले, "पंपात ओढल्या जातीन ना ते."

"पंपाले जाळी लावा."

"जाळीतून पिलं जातीन." असं म्हणत ते उठले आणि भर उन्हात गच्चीकडे निघाले. त्यांना संध्याकाळपर्यंत थोपवून धरायला मला आणि काकूंना मिळून बोलावं लागलं.

त्यांनी पंपाला आधी तारेची जाळी लावली. तिच्यातून एक पिलू वर चढलं आणि गवतावर पाणी सोडणाऱ्या पन्हाळीत सापडलं, जिवंत. मग बाबांनी जुनी मच्छरदाणी कापून पंपाला दुहेरी गुंडाळली. मोटारीची अर्थिंग नव्यानं केली, माशांना शॉक बसू नये म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला बसू नये म्हणून केली असती तर मला जास्त आनंद झाला असता. त्यावर ते हसले. खूप दिवसांनी हसले.

त्यानंतर आमचे फोन म्हणजे माशांच्या बातम्या. कुलरातले मासे टाक्यातल्यांपेक्षा तरतरीत आहेत. पाणी वरून ठिबकतं ते त्यांना आवडतं. एवढं सांगून झालं की मी हळूच विचारायची, "दुपारी झोपले होते का?" "हो ना. चांगली झोप लागली कुलरासमोर." मला दुसरं काही ऐकायचं नसायचं. फोन ठेवून मी निवांत कामाला लागायची.

गल्लीत अर्थातच चर्चा झाली. एका काकांनी पैज लावली की पंख्याच्या हवेबरोबर मासा उडून कुणाच्या तरी ताटात पडणार. काकूंनी मात्र आपला कुलर आणून बाबांच्या दारात उभा केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, माह्यातबी सोडा." मग आणखी कुणीतरी आणला. बाबांनी दुकानाचं शटर वर केलं. मच्छरदाण्या कापल्या जाऊ लागल्या. काकूंचा भाचा कुठल्याशा पेपरला बातम्या देतो. तो एक दिवस फोटो काढून गेला, आणि झाली चौकट.

बातमीत लिहिलं होतं की वाढत्या महागाईत हा घरबसल्या करण्याजोगा जोडधंदा असून शेतकरी बांधवांनी त्याचा आदर्श घ्यावा. मी पोट धरून हसत बाबांना फोन लावला. त्यांना सकाळपासून फोनच फोन येत होते. एकानं किलोचा भाव विचारला होता. मूर्तिजापूरहून एकाला कुलरमध्ये रोहू होईल का ते हवं होतं. मला वाटलं होतं, बाबाही हसतील.

"तसं खोटं काई लिवलं नाई त्यानं," बाबा म्हणाले. आवाज उतरलेला होता. "लय इचारलं पोट्ट्यानं. कुठून आनले, काय खातात, मरत नाईत का. पन काहून टाकले ते नाई इचारलं."

"मंग तुमी सांगायचं ना."

"इचारल्याबिगर कसं सांगू?"

मला उत्तर माहीत आहे असं मी धरून चालले होते, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं. तरी विचारलं, "काहून टाकले, बाबा?"

"तुही माय म्हने, कुलरातलं पानी सांडून द्या. पोळ्याच्या आधीच म्हने. मीच म्हनलो, राहू दे, सड्याले कामी येईन. चांगलं पानी हाय." मग म्हणाले, "कुलरचं काम माहं होतं ना, पोरी. साऱ्या गल्लीचे कुलर मी पायतो."

चहाचा कप हातात गार झाला होता. मी म्हटलं ते कुणीही म्हटलं असतं. की बाबा, तसं नसते, डास कुठूनबी येते, बाजूच्या घरून येते, बाजारातून येते. "हो, येते ना," ते लगेच म्हणाले. माझी समजूत काढावी तसे म्हणाले. हे सगळं त्यांनी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं असणार, आणि त्याचा उपयोग झाला नसणार, एवढं मला कळलं. फोन ठेवल्यावर मी ओट्याला टेकून रडले. नवऱ्यानं पेपर उचलला, फोटो पाहिला, आणि माझ्याकडे बघून पुन्हा घडी घालून ठेवला.

जूनमध्ये, आभाळ यायला लागल्यावर, मी पुन्हा अकोल्याला गेले. बाबांनी कुलर काढायला घेतला होता. मासे पेल्यानं एकेक धरून बादलीत घेतले आणि टाक्यात सोडले. मग टब उचलून सगळं पाणी गटारात ओतून दिलं. आमच्या गल्लीत असं पाणी ओतताना मी कधी कुणाला पाहिलं नव्हतं. काकू दारातून म्हणाल्या, "भाऊजी, सड्याले झालं असतं ना ते." ते काकूंच्या घरी गेले आणि त्यांचाही टब ओतून आले. मग पुढच्या घरी गेले.

आमचा टब त्यांनी फडक्यानं पुसला आणि गच्चीवर उन्हात नेऊन ठेवला. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "पोरी, पाय बरं जरा. मले नीट दिसत नाई आता. कोपऱ्यात ओल हाय का?"

मी वर गेले आणि टबात हात घातला. पत्रा चटका बसेल इतका तापला होता. खाली येऊन सांगितलं, "नाई बाबा. कोरडा हाय."

ते बरं म्हणाले आणि बसले. थोड्या वेळानं पुन्हा, "नीट पायलं ना तू?"

मी पुन्हा वर गेले. या वेळी चारही कोपऱ्यांत तळहात दाबून पाहिला. तळहात लाल झाला.

"पायलं बाबा. सारा कोरडा हाय."

"कोरडा हाय ना? मंग झालं," बाबा म्हणाले. मग खुंटीवरचं फडकं घेतलं आणि जिना चढून पुन्हा टब पुसायला गेले.